झांझिबार: शिडाच्या होडीतून आणि दलादलातून

झांझिबारला जाणारे बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात, मग सहली, आणि शिडाच्या होडीची फेरी उरलेल्या एखाद्या संध्याकाळी टाकतात. हा क्रम उलटा करा. स्टोन टाउन या जुन्या शहराचे कोरीव दरवाजे, लवंगांच्या बागा, किझिमकाझीची मशीद कुठल्याही दिवशी पाहता येते. होडी मात्र वारा आणि पाणी जमेल तेव्हाच निघते. म्हणून आधी पाण्याचे दिवस पक्के करा आणि जमिनीवरचे दिवस त्यांच्या मधे बसवा. या बेटाची भाषा, जेवण, गाणं, घरांचे दरवाजे हे सगळं शिडांच्या गलबतांमधून आलेलं आहे. वाऱ्याचा आणि भरतीचा हिशेब एकदा कळला की किनाऱ्यावरच्या अर्ध्या गोष्टींचं कारण आपोआप कळतं.

इथे झांझिबार म्हणजे टांझानियाच्या किनाऱ्याजवळचं उंगुजा हे मोठं बेट धरलं आहे. दक्षिणोत्तर ते साधारण ८५ किलोमीटर लांब आहे. पेंबा हे उत्तरेकडचं वेगळं बेट, त्याला वेगळा आठवडा हवा.

वारा कोणता आहे ते आधी पाहा

स्वाहिलीत दोन वाऱ्यांची नावं पाठ करा. कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा, साधारण डिसेंबर ते मार्च. कुसी म्हणजे दक्षिण-आग्नेयेचा वारा, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, कधी ऑक्टोबरात रेंगाळणारा. अरबस्तानातली आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं कास्काझीवर इथे येत आणि कुसी सुरू झाला की परत फिरत. मधले काही महिने व्यापारी आणि खलाशी बंदरातच अडकून राहत. त्या अडकून राहण्यातून लग्नं झाली, दुकानं उघडली, मशिदी आणि देवळं उभी राहिली.

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मासिका, म्हणजे मोठा पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरात वुली, म्हणजे हलका पाऊस. होडीसाठी जून ते ऑक्टोबर, किंवा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा. कुसीत पश्चिम किनारा आडोशाला येतो, त्यामुळे स्टोन टाउनसमोरचं पाणी सकाळी शांत असतं. पूर्वेला पाजे आणि जांबियानीकडे मात्र दुपारनंतर वारा जोर धरतो, पतंग लावून पाण्यावर घसरणारे लोक त्यासाठीच तिथे येतात. नवख्या माणसाने अशा दुपारी उलांडीच्या (तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेल्या) छोट्या होडीत बसू नये. कास्काझीत उलट होतं: पूर्व आणि उत्तर टोकाला लाटा येतात आणि उकाडा वाढतो. दोन्ही हंगामांत सकाळचा वारा हलका आणि दुपारचा भारी, हा साधा नियम धरून चाला.

रमझानचा महिना पंचांगासोबतच तपासा. त्या महिन्यात गावातल्या खानावळी दिवसभर बंद असतात आणि उघड्यावर खाणं-पिणं लोकांना खुपतं. पण सूर्यास्तानंतरची गजबज बघण्यासारखी असते. तेव्हा जायचं असेल तर होडीवर दुपारचं जेवण मागू नका. उपाशी खलाशाकडून ते रांधून घेणं बरं दिसत नाही.

तिथीवरून भरती काढा

कोकणातला जुना हिशेब इथे थोडा फेरफार करून चालतो. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. झांझिबारसाठी त्यात ४ तास मिळवा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट ६, अधिक ४, म्हणजे भरती सकाळी १० च्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ अधिक ४, म्हणजे सव्वाबारा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी चारच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. हिशेब तासभर मागेपुढे होतो. त्यामुळे निघण्याच्या दिवशी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक पाहाच. पण सहलीचा आराखडा घरी बसून आखायला तिथी पुरते.

उधाणाला इथे पाणी ४ मीटरच्या आसपास चढउतार करतं. उधाणाला स्वाहिलीत ‘बामवुआ’ म्हणतात आणि भांगाच्या, म्हणजे छोट्या, भरतीला ‘माजी माफु’, शब्दशः मेलेलं पाणी. पूर्व किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला समुद्र प्रवाळाच्या कड्यापर्यंत मागे सरतो. सकाळी हॉटेलसमोर निळं पाणी होतं, दोन-तीन तासांनी किलोमीटरभर ओली वाळू, असं होतं. ज्यांनी तिथी पाहिली नाही ते ‘इथे पोहताच येत नाही’ म्हणून वैतागतात. त्याच वेळी त्या वाळूवर गावातल्या बायका कामाला लागलेल्या असतात आणि ते पाहायला यायचं असतं.

बारा-तेरा दिवस हाताशी असतील तर शुद्ध द्वादशीला पोहोचा. त्रयोदशी-चतुर्दशी स्टोन टाउन, कारण सकाळच्या ओहोटीला समोरचे वाळूचे पट्टे उघडे पडतात. पौर्णिमा ते वद्य तृतीया जांबियानी, कारण समुद्री शेवाळाची शेती उधाणाच्या ओहोटीतच दिसते. चतुर्थी-पंचमी फुंबा. षष्ठीपासून अष्टमी-नवमीपर्यंत नुंग्वी. तिथे पाणी खोल असल्याने ओहोटीचा त्रास कमी, आणि नऊ-दहाच्या भरतीला होडी किनाऱ्याला लागते. वद्य पक्षातल्या द्वादशीपासून सुरुवात केली तरी हेच गणित.

घड्याळ सहा तासांनी वेगळं आहे

होडी चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे घटिका मोजायचे तशीच. सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘साआ म्बिली’, दुसरा तास. नऊ म्हणजे ‘साआ तातु’, तिसरा. पर्यटकांशी रोज बोलणारे नाखवे आपल्या घड्याळात बोलतात, पण गावातले कोळी बोलत नाहीत. इंग्रजीतून ‘तीन वाजता’ ठरवलं असेल तर समोरचा माणूस सकाळी नऊला किनाऱ्यावर उभा असू शकतो. म्हणून दोन गोष्टी करा: वेळ मोबाइलच्या पडद्यावर दाखवा आणि ‘असुबुही’ (सकाळ) किंवा ‘जिओनी’ (संध्याकाळ) हा शब्द जोडा. भरतीशी जोडून विचारलंत, म्हणजे ‘पाणी भरायला लागल्यावर की ओसरायला लागल्यावर?’ असं, तर घोटाळा होतच नाही.

होडी ओळखा, मग भाव करा

सरसकट सगळ्यांना ‘डाऊ’ म्हणतात, पण स्थानिक माणूस तो शब्द क्वचित वापरतो. जहाझी हे मोठं मालवाहू गलबत. माशुआ त्याहून लहान, फळ्यांची, मागून सपाट कापल्यासारखी. हा शब्द ऐकताच आपला मचवा आठवतो. न्गालावा म्हणजे एका खोडातून, बहुतेक वेळा आंब्याच्या, कोरलेली अरुंद होडी, दोन्ही बाजूंना उलांडी असलेली. आणि म्तुम्बुई म्हणजे उलांडी नसलेली नुसती कोरीव डोणी. शिकायचं असेल तर न्गालावा घ्या, घरच्यांना घेऊन सहा तास फिरायचं असेल तर माशुआ.

होडी चालवणारा नाहोधा. आपला नाखवा आणि तो एकाच फारसी शब्दातून आलेले आहेत. त्याला नावाने हाक मारण्याआधी ‘नाहोधा’ म्हणून बोला, आणि तो वयाने मोठा असेल तर आधी ‘शिकामू’ म्हणा. तो ‘माराहाबा’ म्हणेल. पुढचा भाव त्यानंतरच सरळ होतो.

भाव माणशी करू नका, पूर्ण होडीचा करा. त्यात काय धरलंय ते एकेक विचारा: जेवण, पिण्याचं पाणी, मुखवटा-नळी (स्नॉर्कल), संरक्षित क्षेत्राचं शुल्क, इंजिनाचं तेल. बहुतेक माशुआंना मागे छोटं इंजिन असतं. शिडावरच जायचं असेल तर ते आधी स्पष्ट सांगा, नाहीतर जाताना इंजिन आणि फोटोपुरतं शीड असं होतं. परतीला वारा पडला तर इंजिन लावावं लागतं, त्याला हरकत घेऊ नका.

पैसे ठरण्याआधी होडी भरतीच्या रेषेपाशी उभी असताना पाहून घ्या. लाकडी होडीत थोडं पाणी झिरपतंच. तळाची फळी उचलून पाणी किती आहे पाहा आणि पाव तासाने पुन्हा पाहा. बरेच दिवस कोरडी पडलेली होडी पहिल्या दिवशी जास्त गळते. लाकूड फुगलं की फटी मिटतात, त्यामुळे ‘कालही गेली होती का?’ हा प्रश्न उपयोगाचा. उपसायला डबा हवा. शिडाला ठिगळं असली तर बिघडत नाही. शीड ज्या लांब तिरप्या काठीला, म्हणजे परभाणाला, बांधलेलं असतं तिथल्या गाठी आणि डोलकाठीच्या शेंड्यावर घासणारा दोर पाहा, तुटतो तो तिथेच. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा. जीवरक्षक जाकिटं मोजा आणि प्रत्येकाने आपलं अंगात घालून बंद लावून पाहा, लहान मुलांच्या मापाची नसतात म्हणून ती वेगळी मागा. साधारण ६ मीटरच्या न्गालावात दोन खलाशी धरून पाच-सहापेक्षा जास्त माणसं नकोत. १० सप्टेंबर २०११ ला उंगुजाहून पेंबाला जाणारी स्पाइस आयलंडर ही फेरी बोट क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं घेऊन बुडाली आणि त्यात मोठी प्राणहानी झाली. त्यामुळे ‘अजून दोघं बसतील’ या वाक्याला ठाम नकार द्यायला संकोचू नका, किनाऱ्यावरचे जाणते लोक तुमच्या बाजूने बोलतील.

मालवाहू जहाझीतून मुख्य भूमीकडे जाण्याचा विचार मनात आणू नका. त्या प्रवाशांसाठी नाहीत. दार-ए-सलामसाठी फेरी बोट आहे, सुमारे दोन तासांत पोहोचवते.

शीड फिरताना कुठे बसायचं

या शिडाचं वागणं युरोपी नौकेपेक्षा वेगळं आहे, म्हणून एकदा नीट समजून घ्या. तिकोनी शीड परभाणाला बांधलेलं, परभाण डोलकाठीच्या एका बाजूला. दिशा बदलायची असते तेव्हा नाहोधा नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवत नाही, वाऱ्यापासून दूर वळवून वळसा घेतो. एक खलाशी शिडाचा मागचा दोर सोडतो, शीड होडीच्या पुढे झेंड्यासारखं फडफडतं. दुसरा परभाणाचा खालचा टोकदार भाग डोलकाठीकडे ओढतो, काठी जवळजवळ उभी होते, आणि तो तिला डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतो. मग दोर दुसऱ्या बाजूने मागे आणून ताणतात. हे सगळं अर्ध्या-एका मिनिटात होतं आणि त्या वेळी जड दोर, लाकडाची पुली आणि दोन धावणारी माणसं होडीभर असतात. बसायचं ते मधल्या आडव्या फळीवर, हात काठाच्या आत. पुढे नाळेपाशी फोटोला उभं राहू नका आणि दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. नाहोधा ‘पलीकडे’ अशी खूण करेल तेव्हा सगळ्यांनी एकदम उठू नका, एकेकाने सरका. लहान टप्प्यासाठी तो शीड न फिरवता डोलकाठीला टेकूनच चालवतो, ती चूक नव्हे.

न्गालावात वारा वाढला की वाऱ्याकडची उलांडी पाण्यातून वर उचलली जाते. तिकडच्या आडव्या काठीवर वजन टाकायला एक खलाशी जातो. तुम्हाला बोलावलं तर जा, न बोलावता जाऊ नका.

मळमळ होणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, रिकाम्या पोटी बसू नये आणि क्षितिजाकडे पाहावं. आल्याची वडी खरंच उपयोगी पडते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. शिडाची सावली फिरत राहते, तिच्यावर विसंबू नका.

तीन फेऱ्या

स्टोन टाउनहून चांगू बेट ५-६ किलोमीटरवर आहे. १८९३ मध्ये तिथे तुरुंग बांधला गेला, पण त्याचा वापर मुख्यतः रोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी झाला. सेशेल्सहून १९१९ साली भेट आलेल्या महाकाय कासवांचा वंश तिथे आहे. कासवांना मानेखाली हळू खाजवलं तर ती उभी राहतात, पाठीवर हात किंवा मूल ठेवू नये. चांगूबरोबरच नाकुपेंडाचा वाळूचा पट्टा घ्या. हा पट्टा भरतीला पाण्याखाली जातो. चतुर्दशीला ओहोटी नऊच्या आसपास असते, म्हणून साडेसातला निघा, पट्टा आधी आणि कासवं नंतर.

फुंबा हे नैर्ऋत्येचं टोक. तिथून मेनाई उपसागरातली क्वाले आणि आसपासची बेटं अशी दिवसभराची फेरी होते. उपसागर उथळ आहे आणि ओहोटीला किनाऱ्याजवळ चिखल उघडा पडतो. त्यामुळे माशुआ सकाळी पाणी असताना निघते, दुपारी वाळूवर थांबते आणि चढत्या पाण्याबरोबर चारच्या सुमाराला परत येते. वद्य चतुर्थीच्या आसपास हे नेमकं जुळतं. डॉल्फिन दिसले तर होडी थांबवायला सांगा. किझिमकाझीला इंजिनाच्या दहा-दहा होड्या एका कळपामागे धावताना दिसतात, त्या गर्दीत पैसे देऊन सामील होऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरी फेरी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात चांगली: नुंग्वीला सकाळच्या भरतीला न्गालावा घेऊन दोन तास. कोळ्याबरोबर जा, तो जाळं टाकेल, तुम्हाला सुकाणू धरायला देईल. एवढ्याशा वेळात शिकता येतं ते एवढंच, की वारा मानेवर कुठे लागतोय ते ओळखायचं.

नुंग्वीचा होडी बांधणारा किनारा

होडी बांधणाऱ्या कारागिराला फुंडी म्हणतात. इथे कागदावर नकाशा नसतो, माप डोळ्यात आणि हातात असतं. आधी कणा, मग पुढची-मागची खोडं, मग काही फळ्या, आणि मग वाकड्या फांद्यांतून निवडलेल्या बरगड्या. ज्या वळणाची बरगडी हवी त्याच वळणाची फांदी शोधतात, सरळ लाकूड कापून वळण काढलं तर तंतू तुटतात आणि तिथेच तडा जातो. खिळा ठोकण्याआधी धनुष्याने फिरवायच्या सामत्याने भोक पाडतात. फटींमध्ये खोबरेल तेलात भिजवलेला कापूस पिळून दोरीसारखा करून छिन्नीने ठोकतात. थांबून ऐका: भरलेल्या फटीवर हातोडीचा आवाज वेगळा येतो, पोकळ फटीवर वेगळा. कारागीर आवाजावरूनच पुढे जातो. माशाच्या तेलाचा उग्र वास येईल, ते लाकूड टिकवण्यासाठी चोळलेलं असतं.

आत शिरण्याआधी विचारा. काही ठिकाणी होडीवर पाय देऊन चढणं, विशेषतः चपला घालून, चालत नाही. फोटोचे थोडे पैसे मागतात, ते द्यावेत. काम करणाऱ्याचा वेळ तुम्ही घेत असता. मोठी होडी पाण्यात लोटायची असेल तर उधाणाची भरती निवडतात आणि गाव दोर ओढायला येतं. तेव्हा हातभार लावायला परवानगी लागत नाही.

दलादला

जमिनीवर गावागावांत नेणाऱ्या गाड्या म्हणजे दलादला, टपावर पाटी लावलेल्या मोटारी आणि लाकडी बाकांचे ट्रक दोन्ही. क्रमांक लक्षात ठेवा: नुंग्वी ११६, मातेम्वे ११८, जांबियानी ३०९, माकुंदुची ३१०, किझिमकाझी ३२६, विमानतळ ५०५. स्टोन टाउनमध्ये दारजानी बाजाराशी विचारून योग्य थांबा शोधा. गाडी भरल्याशिवाय निघत नाही आणि अंधार पडायच्या आधी शेवटची सुटते, म्हणून परतीचा विचार दुपारी तीनलाच करा. सुटे शिलिंग हातात ठेवा. मोठी बॅग टपावर जाते, ती प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्या पिशव्यांवर बंदी आहे. उतरायचं असेल तर ‘शुशा!’ म्हणा. कुणी आपलं मूल किंवा कोंबडी तुमच्या मांडीवर ठेवलं तर ती इथली रीत आहे.

३०९ च्या वाटेवर जोझानीचं जंगल लागतं, तिथे मूळची फक्त याच बेटावरची लाल कोलोबस माकडं आहेत. दोन तास पुरेत.

स्टोन टाउन: दारापासून सुरुवात

शहराला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नकाशा बाजूला ठेवा, गल्ल्यांमध्ये तो चुकतोच, समुद्राचा वारा कुठून येतो ते धरून चाला. घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. छताला खारफुटीच्या गोल काठ्या लागतात आणि त्या साधारण ३ मीटरच्याच मिळतात. म्हणून इथल्या खोल्या लांब आणि अरुंद. एकदा हे कळलं की प्रत्येक घरात वर बघाल.

दरवाजे वाचायचे ते असे: वर सपाट चौकट आणि कोरलेली अरबी अक्षरं असतील तर ओमानी घडण, वर अर्धगोल कमान आणि नक्षी असेल तर हिंदुस्थानी, बहुतेक गुजराती कारागिरांची. पितळी टोकदार बोंडं हिंदुस्थानातून आलेली रीत. तिथे ती हत्ती रोखण्यासाठी होती, इथे हत्ती नाहीत, मालकाची ऐपत दाखवायला राहिली. चौकटीच्या खाली मासे, वर साखळी किंवा कमळ कोरलेलं पाहा. बैत-अल-अजाइब हा सुलतान बर्गशने १८८३ मध्ये बांधलेला महाल डिसेंबर २०२० मध्ये अंशतः कोसळला. तो बाहेरून पाहा.

म्कुनाझिनीतलं अँग्लिकन चर्च गुलामांच्या बाजाराच्या जागी उभं आहे. तो बाजार १८७३ मध्ये बंद झाला. मसाल्याची सहल करणार असाल तर त्याच्या आदल्या दिवशी इथे या. लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या, आणि हे माहीत असताना किझिंबानी-किदिचीच्या बागेत फिरणं वेगळं होतं. लवंग, वेलची, दालचिनी आपल्याला ओळखीची, म्हणून बागवाल्याला नावं विचारण्यापेक्षा तोडणीचा काळ, वाळवण आणि मजुरी विचारा. फणसाला ‘फेनेसी’ म्हणतात हे तिथेच कळेल. दुकान ‘दुका’, विमा ‘बिमा’, हिशेब ‘हेसाबु’, होडीचा नांगर ‘नांगा’. असे शब्द जमवत चला, स्वाहिली बोलायची भीती त्यानेच जाते.

महाराष्ट्राशी जोडणारे दोन धागे इथे आहेत. शांगानी भागात ज्याच्या नावाचं संग्रहालय आहे तो ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, १९४६ मध्ये याच शहरात पारशी कुटुंबात जन्मला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. दुसरा धागा ताराब संगीताचा. सिती बिंती साद या गायिकेने १९२८ मध्ये मुंबईत येऊन स्वाहिली गाण्यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. ताराब ऐकायला मिळाला तर कानून, ऊद आणि व्हायोलिन कसे एकत्र येतात ते ऐका. श्रोते नाचत पुढे येऊन गायिकेच्या हाती नोटा देतात. एखादी ओळ कुणाच्या मनाला लागली की ती माणसं उठतात. लहान नोटा खिशात ठेवा. फेब्रुवारीत साउती झा बुसारा हा संगीत महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महिनाभर आधी भरतात.

दक्षिण आणि पूर्व

किझिमकाझी डिंबानीच्या मशिदीत कुफी लिपीतला लेख आहे, हिजरी ५००, म्हणजे इसवी सन ११०७. बाहेरून ती साध्या पत्र्याच्या छपराची दिसते आणि लोक पुढे निघून जातात. राखणदाराला विचारा, चपला काढा, खांदे-गुडघे झाका, बायकांनी डोकंही. नमाजाची वेळ टाळा.

माकुंदुचीचा म्वाका कोग्वा जुलैत होतो. हे शिराझी नववर्ष, ‘नैरुझ’ हा शब्द आपल्या पारशांच्या नवरोजचाच. केळीच्या दांड्यांनी पुरुष एकमेकांना झोडपून वर्षाची भांडणं संपवतात, गवताची झोपडी पेटवतात, बायका गाणी गातात. गावकरी पाहुणा असणं शुभ मानतात, म्हणून संकोच नको, पण मैदानाच्या कडेला राहा.

जांबियानी-पाजेला म्वानी, म्हणजे समुद्री शेवाळाची शेती १९८९ पासून होते आणि ती बहुतांशी बायकांच्या हातात आहे. वाळूत खुंट्या, त्यांच्यात ताणलेले दोर, दोरावर वीतभर अंतराने बांधलेले गुच्छ, साधारण सहा आठवड्यांत काढणी, मग उन्हात वाळवण. जास्त पैसे देणारी जात तापलेल्या पाण्यात मरते, टिकणारी जात कमी भावाची. त्यामुळे बऱ्याच बायका साबण आणि तेल बनवण्याकडे वळल्या. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी नऊ ते अकरा जा. रबरी बूट हवेतच, काटेरी समुद्री साळिंदर तळव्यात घुसतं. दोरांच्या रांगांमधून नव्हे, कडेने चाला. फोटोआधी विचारा. नकार बऱ्याचदा येतो, आणि तो पाळायचा.

ताटात काय

फोरोधानीच्या रात्रबाजारात गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. उरोजो तिथे खाण्यापेक्षा दुपारी गल्लीतल्या ठेल्यावर खा: हळद-कैरीच्या आंबट पातळ सारात भजी, बटाटा, कुरकुरीत कसावा आणि नारळाची चटणी. शाकाहारी माणसाने ‘माहारागे या नाझी’ (नारळाच्या दुधातला राजमा), ‘म्चिचा’ (माठासारखी पालेभाजी) आणि ‘वाली’ (भात) हे तीन शब्द लक्षात ठेवले की गावात उपाशी राहावं लागत नाही. ‘कचुंबारी’ न सांगता येते. भाजीत मासळीचा रस्सा मिसळतात, म्हणून ‘बिला सामाकी’, मासळीशिवाय, असं स्पष्ट सांगा. विटुंबुआ आपल्या गोड आप्प्यांची बहीण, सकाळी लवकर संपते.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी ऑनलाइन काढा. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा स्वतंत्र प्रवास विमाही सक्तीचा आहे, भारतातून घेतलेला विमा त्याच्या जागी चालत नाही. मलेरियाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी जा. गावांत एटीएम क्वचित, शहरातूनच शिलिंग काढून न्या.

कांगा घ्यायची असेल तर शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. हे कापड जोडीने विकतात, जोडीला ‘डोटी’ म्हणतात, आणि दोन्ही तुकडे न कापता एकत्र येतात. चहूबाजूंनी किनार, मधे नक्षी, आणि खाली एका ओळीत ‘जिना’, म्हणजे म्हण. ती ओळ वाचून अर्थ विचारल्याशिवाय घेऊ नका. काही म्हणी सासू-सुनेच्या, शेजारणीच्या, सवतीच्या असतात आणि बाई ती नेसून समोरच्याला तोंडाने न बोलता ऐकवते. काही कांगा आजही भारतात छापून इथे येतात, मागची चिठ्ठी पाहा. दारजानीत शिंप्याकडून मधे कापून कडा दुमडून घ्या आणि एकदा मिठाच्या पाण्यात वेगळं धुवा, पहिल्या धुण्याला रंग सुटतो.